हवालदाराचं आवार

जनावरांच्या डॉक्टरांनी कासवाचा जबडा चमच्याच्या दांड्याने उघडा धरला आणि चिमट्याने घशातून लाल रेक्झिनची लांबच लांब पट्टी बाहेर ओढली.

"घशातच अडकली होती म्हणून वाचला," ते म्हणाले. "पोटात उतरली असती तर मी काही करू शकलो नसतो. आणि एक सांगतो, त्या पत्र्याच्या खोपटात तो हा उन्हाळा काढायचा नाही. याला मोकळी जमीन हवी, माती हवी, सावली हवी. तुम्ही याला भट्टीत ठेवलंय."

पट्टी कासव दाखवायला आणलेल्या बाईच्याच दुकानातली होती.

गल्लीत तिला सगळे सीटवाल्या वहिनी म्हणत. रिक्षांच्या सीटा, टेंपोचे हूड, ट्रकच्या ताडपत्र्या, जाड शिवणाचं जे जे म्हणून असेल ते तिच्याकडे यायचं. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. नवरा लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर, घरात पाहुण्यासारखा यायचा. घरात उरायचे दोघं, ती आणि तिचे सासरे. आणि तिसरा हा हवालदार, म्हणजे हे कासव.

हवालदार सासऱ्यांचा. ते एका मोठ्या विश्रामगृहात माळी होते, तेव्हा कुणी पाहुणा बुटाच्या खोक्यात तळहाताएवढं पिल्लू सोडून गेला. विश्रामगृह बंद पडलं, माळीकाम सुटलं, पिल्लू मात्र सासऱ्यांबरोबर घरी आलं आणि वाढतच गेलं. आता त्याला उचलायला दोन धडधाकट माणसं लागत. दिवसभर भिंतीच्या कडेकडेने फेऱ्या घालायचा, म्हणून हवालदार.

तिला तो कधीच आवडला नव्हता. खरं सांगायचं तर सासऱ्यांशीही तिचं जमलेलं नव्हतं. तिने दुकान टाकलं तेव्हा, "घरात परक्या माणसांची ये-जा मला चालायची नाही," असं त्यांनी बजावलं होतं, आणि तिने ते मानलं नव्हतं. तेव्हापासून दोघांत कामापुरतं बोलणं. पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, शब्दही गेले, एखाददुसरा उरला. त्यांना न्हाऊमाखू घालण्यापासून सगळं तीच करत होती. करत होती, पण ओठ घट्ट मिटून.

कासव आजारी पडलं तसं सासऱ्यांनी जेवण टाकलं. ताट समोर ठेवलं की डाव्या हाताने बाजूला सारायचे. दोन वेळा तिने समजूत घातली, तिसऱ्या वेळी ती वैतागली.

"बाबा, तुम्ही उपाशी राहून त्याचं काय भलं होणार आहे? मी बांधते त्याला जागा मागे. जेवा आता."

बोलून गेली आणि मग मागे हटता येईना.

मागची जागा म्हणजे पूर्वीची सासऱ्यांची बाग. आता नुसती भेगाळलेली जमीन. एका बाजूला शेजारच्या गवंड्याच्या आवाराची भिंत, बाकी तीन बाजू उघड्या. तिने भंगारातून तारेची जाळी आणली, लोखंडी खांब रोवले, जाळी ताणून बांधली. वर अर्ध्या भागावर जुन्या ताडपत्रीचं छप्पर घातलं. पाण्यासाठी उथळ परात मातीत बसवली. स्वतःवर खूश होऊन तिने हवालदाराला आत सोडलं.

तो सरळ जाळीकडे गेला. जाळीपलीकडे रस्त्याकडेला थोडं गवत होतं. त्याने डोकं आत ओढलं आणि कवचाने धक्का दिला. मग दुसरा. खांब कलंडला. तिने खांब सरळ केला, बुडाशी दगड ठोकले. तो पुन्हा त्याच जागी. संध्याकाळपर्यंत त्याच्या नाकाला रक्त आलं, जाळीला पोट आलं, आणि तिच्या नाकात दम आला.

सासरे खुर्चीवर बसून डावा हात हलवत होते. "दिसतं," ते म्हणत होते. "दिसतं."

"हो बाबा, मलाही दिसतंय काय चाललंय ते."

"दिसतं... त्याला."

ती थांबली. पलीकडचं गवत त्याला दिसतंय म्हणून तो थांबत नाहीये, असं ते म्हणत होते. दुसऱ्या दिवशी तिने गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली, काळ्या रेक्झिनचे तुकडे जोडून लांब पट्टा शिवला आणि तिन्ही बाजूंनी जाळीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत टाके घालून पक्का केला. हवालदार जाळीपाशी आला, काळ्या रेक्झिनसमोर उभा राहिला, जरा वेळाने वळला आणि कडेकडेने फेरीला निघाला. सासरे हसले. झटक्यानंतर ते हसलेले तिने पाहिले नव्हते. तिने नजर दुसरीकडे वळवली.

जाळीच्या बुडाशी विटा पुरायला गवंडी आला. तो गावभर भिंती बांधत फिरणारा, बोलघेवडा माणूस. "वीतभर खोल पुरल्या की झालं, वहिनी. कासव आहे ते, उंदीर नाही."

"खाली," सासरे म्हणाले. गवंड्याच्या भिंतीकडे बोट दाखवून पुन्हा म्हणाले, "खाली. खाली."

"आजोबा, ती माझी भिंत. ती कुठं जात नाही."

तिलाही उन्हात उभं राहवत नव्हतं, दुकानात कामं तुंबली होती. वीतभर खोल विटा पुरून काम उरकलं.

आणि मग ऊन असं पेटलं की दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसेना. मशीनचं चाक हाताला चटके द्यायचं. हवालदाराने परातीतलं पाणी सोडलं, छप्पर सोडलं, आणि गवंड्याच्या भिंतीच्या मुळाशी उकरायला घेतलं. पुढचे पाय फावड्यासारखे चालायचे. बघता बघता बाहेर मातीचा ढीग आणि आत बीळ. दुपारी तो बिळात शिरायचा तो ऊन उतरल्यावर बाहेर यायचा. तिला बरंच वाटलं. त्याची सोय त्यानेच केली. सासरे मात्र दिवसभर त्या बिळाकडे टक लावून बसायचे, घशातून कसलेसे आवाज काढायचे. पाणी हवं असेल म्हणून ती पाणी द्यायची. ते पेला परत करायचे.

भिंतीपलीकडे, भिंतीला लागूनच, गवंड्याच्या पाण्याच्या टाकीचा विटांचा ओटा होता. नळाला पाणी येणं बंदच झालं होतं, टँकर यायचा तेव्हा सगळे भरून घ्यायचे. त्या दिवशी सकाळी टँकर येऊन गेला, टाकी काठोकाठ भरली. दुपारी ती मशीनवर ताडपत्री दुमडत असताना मागून आवाज आला. धाडकन नव्हे. गादीवर कुणी जड माणूस बसावं तसा, दबका. आणि लगेच सासऱ्यांची किंकाळी.

ती धावली. बिळाचं तोंड नाहीसं झालं होतं. तिथली जमीन खचून खड्डा पडला होता, भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता, आणि भिंतीच्या वर टाकी त्यांच्या बाजूला झुकलेली दिसत होती. सासरे खुर्चीतून खाली पडून डाव्या कोपरावर सरपटत खड्ड्याकडे निघाले होते.

"बाबा, थांबा. भिंत येईल अंगावर."

ते थांबेनात. तिने काखेत हात घालून त्यांना मागे ओढलं. आवाज ऐकून गवंडी आणि त्याची बायको पलीकडून धावत आली. गवंड्याने तडा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला.

"आत आहे?" त्याने विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली.

"वहिनी, टाकी भरलेली आहे. इथं एक फावडं मारलं तरी सगळं खाली येईल. आधी टाकी रिकामी करायला पाहिजे."

"मग करा."

"रिकामी?" त्याची बायको म्हणाली. "पुढचा टँकर कधी येईल ते कुणाला ठाऊक आहे? घरात म्हातारी आहे, लेकरं आहेत. एका कासवापायी?"

ती चुकीचं बोलत नव्हती. पाण्यासाठी पाय धरावेत तर कुणाचे धरावेत? त्या उन्हात सगळे नुसते उभे होते. सासऱ्यांच्या तोंडून लाळ गळत होती, हनुवटीला माती लागली होती, आणि ते गवंड्याच्या बायकोकडे बघत होते. काही मागत नव्हते. नुसते बघत होते.

"आमच्या टाकीत आहे ते अर्धं तुमचं," सीटवाल्या वहिनी शेवटी म्हणाल्या. "टँकर येईपर्यंत दोन्ही घरं एका टाकीवर काढू."

गवंड्याच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिलं, मग पदर खोचला. "पाइप आण. पण पाणी इकडं नाही सोडायचं, बिळात शिरेल. रस्त्याकडे काढ. मी बादल्या गोळा करते."

पाणी रस्त्याकडे काढलं. गल्लीतल्या बायका घागरी, बादल्या, टोप घेऊन आल्या आणि भरून आपापल्या घरी घेऊन गेल्या, एक थेंब वाया गेला नाही. पण टाकी उपसायला वेळ लागत होता. आत हवा किती असेल? तो मोठा होता, पण जीव म्हणजे शेवटी जीवच.

टाकी हलकी झाल्यावर गवंड्याने फळ्या आणून भिंतीला टेकू दिले. "कुदळ चालणार नाही, कवच फुटेल. हातानेच. आणि समोरून नाही, बाजूने. पण कुठून? बीळ कुठं वळलंय कुणास ठाऊक."

सासऱ्यांनी जमिनीवर कान टेकवला. मग डाव्या हाताने एक रेघ ओढली, खड्ड्यापासून निघून डावीकडे वळणारी. "असं," ते म्हणाले. "नेहमी. असं." रेघेच्या टोकावर थोपटलं. "पोकळ."

रोज टक लावून तो माणूस काय बघत होता ते तिला आता कळलं.

ती पोटावर आडवी झाली आणि खुरप्याने उकरू लागली. माती भाजून निघालेली, वरून कडक आणि आत भुसभुशीत. गवंडी मागे माती ओढत होता. एकदा भिंत करकरली. गवंड्याने तिचे पाय धरून तिला बाहेर खेचलं. थांबून पाहिलं, टेकू धरून होते. ती पुन्हा आत गेली. नखांत माती, डोळ्यांत घाम. मग खुरपं कशावर तरी आपटलं आणि दगडाचा नसतो तसा आवाज आला.

"सापडला," ती म्हणाली. "हलत नाहीये."

तिने बाहेर येऊन दुकानातून सीटबेल्टची पट्टी आणली, ट्रकच्या कामाला वापरायची ती, तुटता तुटत नाही. मातीत हात घालून ती कवचाखालून कशीबशी सरकवली आणि दोन्ही टोकं बाहेर दिली. गवंडी, त्याची बायको आणि रस्त्यावरचे दोघं, सगळ्यांनी मिळून ओढलं. पहिल्यांदा काहीच झालं नाही. दुसऱ्यांदा माती सरकली, आणि हवालदार मागच्या बाजूने, मातीचा गोळा होऊन, बाहेर आला.

डोकं आत, पाय आत. तिने कान लावला, काही कळेना. सासरे सरपटत त्याच्याजवळ गेले. या वेळी तिने अडवलं नाही. त्यांनी तिच्या हातातला ओला फडका घेतला आणि कवचाच्या पुढच्या बाजूची माती हळूहळू पुसत राहिले. नाकपुड्या मोकळ्या केल्या. गवंड्याची बायको बादली घेऊन तशीच उभी राहिली.

खूप वेळाने मागचा एक पाय बाहेर आला आणि जमीन चाचपू लागला. मग फुस्स करून मोठा श्वास सुटला, त्याबरोबर माती उडाली ती सासऱ्यांच्या तोंडावर. सगळे हसले. ती हसली नाही. भिंतीकडे तोंड करून ती रडत बसली, आणि का रडतेय ते तिला सांगता आलं नसतं.

पुढचा टँकर यायला उशीर झाला. दोन्ही घरांनी एका टाकीवर दिवस काढले, आंघोळीसुद्धा वाटून घेतल्या, आणि त्यावरून एकदोनदा कडाक्याची भांडणंही झाली. टँकर आला तेव्हा गवंड्याने ओटा दुसरीकडे बांधला होता. मग त्याने सीटवाल्या वहिनींच्या मागच्या अंगणात खरं काम सुरू केलं. सगळीकडून कंबरभर खोल चर खणला, त्यात दगडाची भिंत उतरवली. भिंतीपासून लांब, मधोमध, सिमेंटचा मोठा पाइप तिरका पुरला आणि त्यावर मातीचा जाड थर चढवला, म्हणजे आत गारवा राहील आणि ढासळायची भीती नाही. हवालदाराने पहिले दोन दिवस पाइपकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दुपारी गुपचूप आत शिरला.

नवरा फेरीवरून आला तो सगळं बघून चक्रावला. "एवढं सगळं कशाला गं? देऊन टाकला असता कुणाला तरी."

"तुमच्या वडिलांना विचारा," ती म्हणाली आणि मशीनवर बसली.

त्या दोघांत फार गोडवा आला, असं काही झालं नाही. सासरे चहा निवला की कप बाजूला सारत, गिऱ्हाइकं आली की कपाळाला आठ्या घालत. तीही चिडायची. पण ते काही बोलू लागले की ती हातातलं काम ठेवून त्यांच्यासमोर जाऊन बसायची आणि दुसरा शब्द येईपर्यंत थांबायची. कधी येई, कधी न येई. पुढच्या हिवाळ्यात ते गेले, झोपेतच.

हवालदार अजून आहे. त्याला अजून कितीतरी वर्षं आयुष्य आहे, डॉक्टर म्हणतात, तिच्यापेक्षाही जास्त. ऊन तापलं की ती दुपारी मशीन बंद करते, आवारात जाते, पाइपच्या तोंडाशी वाकते आणि आतून श्वासाचा आवाज येईपर्यंत तिथून हलत नाही.