गोदाआत्याचा आफ्रिकेतला पोळा

गोदाआत्या कुणाच्याही घरी गेली की माणसांच्या आधी गोठ्यात शिरायची. बैलाच्या वशिंडावरून हात फिरवून, म्हशीची विचारपूस करून मगच ओसरीवर यायची. गोठा नसलेल्या घरात ती फार वेळ टेकत नसे. "हितं बोलाया कुनीच न्हाई," असं भरल्या घरात बसून म्हणायची. घरच्यांना हसावं की रागवावं ते कळायचं नाही.

ही माझी सख्खी आत्या. आई लवकर गेली, म्हणून मला श्रीगोंद्याला हिनंच वाढवलं. नव्वदच्या दशकात मी केनियातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून गेलो. पुढे आतोबा वारले. मूलबाळ नव्हतं. थोडा ऊस, एक बैलजोडी आणि आत्या, एवढाच संसार उरला. मी तिला भेटीसाठी म्हणून बोलावलं, पण मनात होतं तिला कायमचं ठेवून घ्यायचं. तिनं ते पहिल्याच दिवशी ओळखलं. "बघू," म्हणाली, "आदी तुजा मुलूख पसंत तर पडू दे."

झालं, मी मुलूख पसंत पाडण्याच्या मागे लागलो. अंबोसेलीच्या राष्ट्रीय उद्यानात मोकळे हत्ती दिसतात, तिथं तिला घेऊन गेलो. छत उघडणारी गाडी, जोसेफ नावाचा हसरा ड्रायव्हर, आणि मधोमध पदर खोचून उभी राहिलेली नऊवारीतली आत्या. जिराफ दिसला तशी म्हणाली, "ह्याला वैरन टाकाया माडीवर चढावं लागंल." झेब्रे पाहून तिला देवाचीच काळजी वाटली. "समदा रंग हितंच संपला आसंल, म्हनून आपली गाढवं तशीच ऱ्हायली." मी भाषांतर करायचो आणि जोसेफ गाडी थांबवून हसायचा.

हत्तींचा कळप रस्ता ओलांडायला लागला तेव्हा मात्र तिनं हात जोडले. मग लगेच निरखायला लागली. "लेकरू मधी घेतलंय बघ. म्होरं म्हातारी हाय. बाईच्या हाती कारभार हाय, म्हनून नीट चाललंय." त्या दिवशी ती इतकी खुशीत होती की मी मनातल्या मनात तिची खोलीसुद्धा लावून टाकली.

दुसऱ्या दिवशी लॉजवर तिनं समोरचा नाश्ता बाजूला सारला. "आज पोळा हाय. बैलानं निवद खाल्ल्याबिगर मी खानार न्हाई."

निघताना तिनं माझ्या स्वयंपाकघरात पुरणपोळ्या करून डबा भरला होता. मला वाटलं, वाटेत खायला. "आत्या, मी इथं बैल कुठून आणू?"

"एवढी जनावरं हायती, येक तरी निघंल."

निघालं की. दलदलीपाशी रानरेड्यांचा कळप चरत होता. "ह्यो चालंल. म्हशीच्याच जातीचा दिसतोय," म्हणत तिनं डब्याचं झाकण उघडलं आणि दाराला हात घातला. जोसेफच्या तोंडचं पाणी पळालं. इथं गाडीतून उतरायचं नाही आणि जनावरांना काही खाऊ घालायचं नाही, हे त्यानं हात जोडून सांगितलं. आत्यानं वाद घातला नाही. "त्याचा कायदा त्याच्यापाशी, माजा नेम माज्यापाशी," म्हणाली आणि झाकण लावून बसली.

दुपार झाली. तिची ब्लडप्रेशरची गोळी जेवणानंतरची. चहूकडे खूरवाल्या जनावरांची जत्रा भरलेली आणि आमची आत्या उपाशी! मी चिडचिड करायला लागलो तेव्हा जोसेफनं कारण विचारलं. सगळं ऐकून तो म्हणाला, "मग आधी नाही का सांगायचं? गुरं तर फाटकाबाहेर आहेत."

बाहेरच्या माळावर मसाई जमातीचा एक म्हातारा, अंगावर लाल वस्त्र, हातात काठी, गुरं राखत होता. त्याचे बैल ठेंगणे, पण वशिंडाचे. आत्या गाडीतून अशी उतरली, जणू माहेर आलं. जोसेफनं म्हाताऱ्याला समजावलं. म्हाताऱ्यानं पोळी हातात घेतली, हुंगली आणि आपणच एक लचका तोडला. आपल्या बैलाच्या पोटात काय जातंय ते आधी बघणारच तो.

"आरं, बैलाच्या आदी!" आत्या ओरडली, आणि मग स्वतःच हसली. "खाऊ दे. धनी हाय त्यो."

त्यानं मान डोलावली. आत्यानं बैलाला कुंकू लावलं, पोळी भरवली, मानेखालची लोंबती कातडी खाजवली. बैलानं हात चाटला. म्हाताऱ्यानं जोसेफमार्फत विचारलं, "हिची गुरं किती?"

"येक जोडी," आत्या ताठ मानेनं म्हणाली.

"आज त्यांच्याजवळ कोण आहे?"

"शेजारचा किसन."

म्हातारा तिच्याकडे बघतच राहिला. कुणी आपली गुरं दुसऱ्यावर टाकून इतक्या लांब येतं, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं. आत्याच्या तोंडावरचं हसू गेलं.

गाडीत बसून ती जेवली, गोळी घेतली आणि म्हणाली, "बाळू, मला घरी धाड."

मला फार लागलं. "माझ्याकडे काय कमी आहे तुला?"

"कमी काय न्हाई रं. लई हाय. पन दावनीला माज्याबिगर अडतंय. तुजं काय अडतंय माज्यावाचून?"

"अडतं की," मी म्हणालो.

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मग अडू दे. अडलं म्हंजी येशील तिकडं."

गेलो. केनियात होतो तोवर दर पोळ्याला रजा काढून श्रीगोंद्याला गेलो. आत्या वारली त्या वर्षीही गेलो, बैलांना पोळी भरवली, आणि त्यांनी खाल्ल्यावर जेवलो.