राजाच्या कानाशी

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली होती. सोलापुरात तेव्हा टीव्ही नव्हता. राक्षस, शापित राजकन्या, उडता घोडा बघायचा तर गणपतीतल्या नाटकात. आमच्या गिरणीच्या चाळीतलं मंडळ दर वर्षी असलं एक नाटक बसवायचं, आणि त्या वर्षी मी त्यात राजा झालो. विणाई खात्यात माझ्याएवढा उंच दुसरा कुणी नव्हता, एवढंच त्याचं कारण.

राक्षस झाला होता माझा मित्र. तो कुंभारीहून सायकलवर यायचा. गिरणीत तो बदली कामगार, म्हणजे कुणी खाडा केला तरच त्याला काम. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, नाव पुकारलं तर आत, नाहीतर सायकल वळवून घरी.

पण नाटकातलं जोरदार काम राजाचं नव्हतं आणि राक्षसाचंही नव्हतं. ते होतं राजाच्या हेरांच्या नायकाचं. तो राजा-राणीत भांडणं लावतो, सेनापतीवर आळ घेतो, दर प्रवेशात सिंहासनाशी येऊन राजाच्या कानात कुजबुजतो. राजा मान हलवतो, आणि कुणाचं तरी मुंडकं उडतं. हे काम आमच्या हजेरी खात्यातल्या कारकुनाकडे होतं.

कानात कुजबुजायचं म्हणजे नुसते ओठ हलवायचे, असं नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी सांगितलं होतं. हा मात्र खरंच बोलायचा. अगदी चिकटून. तंबाखूचा आंबूस वास यायचा, कानाच्या पाळीला ओल लागायची. आणि बोलायचा काय, तर चाळीतल्या भानगडी. अमक्याची बायको माहेरी का गेली, तमक्याची पोरगी कुणाशी बोलते. मी एकदा म्हणालो, "साहेब, हे मला कशाला सांगताय?"

"अवो, कायतरी खरं बोलल्याबिगर तोंडावर भाव येत न्हाय," तो हसला. दातांच्या फटीत तंबाखूचा चोथा अडकला होता.

एका संध्याकाळी तालमीत तो वाकला आणि म्हणाला, "तुमचा राक्षस जेवणाच्या डब्यातनं सूत भाईर नेतोय. व्हय ना?"

मी थिजलो. समोरून मास्तर ओरडले, "राजे, मान! मान हलवा!" सगळं मंडळ बघत होतं. मी मान हलवली. प्रवेश संपताच त्याला गाठून म्हणालो, "खोटं हाय ते."

"नाटक हाय की वो," तो म्हणाला आणि बिडी पेटवायला निघून गेला.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या वेळी फाटकावर माझ्या मित्राला अडवलं. शिपायानं डबा हिसकावून मातीत उपडा केला. उरलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी धुळीत पडली. सुताचा धागासुद्धा निघाला नाही. तरी दुसऱ्या सकाळपासून त्याचं नाव पुकारणं बंद झालं.

मी खातेप्रमुखाकडे गेलो. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, "तूच तर कबूल केलंस. कारकुनानं मंडळाच्या सगळ्या लोकांदेखत विचारलं, तर तू मान हलवलीस. त्यानं साक्षीदारसुद्धा दिलेत."

ती नाटकातली मान होती, हे सांगूनही त्याला पटलं नाही. रविवारी कुंभारीला जाऊन मित्राला सगळं जसंच्या तसं सांगितलं. नाटक सोडतो म्हणालो.

"सोडू नगंस," तो म्हणाला. "तू राजा हायस न्हवं? मग सगळ्यांम्होरं इचार त्याला."

नाटकाच्या दिवशी मैदान गच्च भरलं होतं. राक्षसाचं काम दुसऱ्याच कुणाला दिलं होतं. पुढच्या खुर्चीत खातेप्रमुख सहकुटुंब बसला होता. कारकून वाकून माझ्या कानाशी आला, तसा मी सिंहासनावरून उठलो.

"कानात नको. मोठ्यानं बोल, दरबाराला ऐकू दे. राक्षसाच्या डब्यात सूत सापडलं का?"

मला वाटलं, आता याचं तोंड उतरेल. पण त्यानं पापणीसुद्धा हलवली नाही. प्रेक्षकांकडे वळला, दोन्ही हात पसरले आणि म्हणाला, "महाराज, सूत नाही सापडलं. पण संशय सापडला ना! राज्य चालवायला तेवढा पुरतो."

शिट्ट्यांनी मैदान दणाणलं. खातेप्रमुख मांडीवर थापा मारत हसत होता. आणि ज्यांनी तो डबा मातीत उपडा होताना बघितला होता, तेही टाळ्या पिटत होते. "तो निर्दोष होता!" मी ओरडलो. "वा रं राजा!" मागून कुणीतरी दाद दिली. त्या कारकुनाची मला किळस होतीच. त्या क्षणी त्या टाळ्यांची त्याहून जास्त आली.

उत्कृष्ट अभिनयाचं पदक त्यालाच मिळालं. विणाई खात्यातले दोघं-तिघं नंतर जवळ येऊन म्हणाले, "आमाला कळलं, तू काय म्हणत हुतास ते." माझ्याबरोबर ऑफिसात चला म्हटल्यावर मात्र त्यांनी काढता पाय घेतला.

मित्राला पुढं अक्कलकोट रोडला एका चादरीच्या कारखान्यात काम लागलं, कायमचं. आमच्या चाळीत तो परत कधी आला नाही. भेटायचं तर मीच जायचो.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी कारकून नव्या नाटकाची वही घेऊन माझ्या दारात आला. खांद्यावर हात टाकून म्हणाला, "राजे, यंदाबी तुमीच पायजे."

मी त्याचा हात झटकला. "उंबऱ्याच्या आत पाय टाकू नका," म्हणालो आणि दार लावून घेतलं.

तो चिडला नाही. शेजारचं दार वाजवल्याचं मला आतून ऐकू आलं. त्या वर्षीही राजा व्हायला कुणीतरी तयार झालंच.