उठल्याशिवाय टाळी नाही

आटपाडीच्या बाजारात कुणी विचारलं, की धाकटा भाऊ फौजेत काय करतो, की अर्जुनादादा बेधडक सांगायचा, "तोफखान्यात हाय." चोवीस वर्षं त्यानं ही एकच तोफ डागली. खरं सांगायचं तर धाकट्यानं, म्हणजे जोतीरामनं, सबंध नोकरीत तोफेला बोटसुद्धा लावलं नाही. तो होता पलटणीच्या बँडमध्ये. तिथल्या ऑफिसर मेसमध्ये एक पियानो धूळ खात पडला होता आणि बँडमास्तरांनी सहज म्हणून या पोराला त्याच्यापुढं बसवलं. मेंढरं राखणाऱ्याच्या घरातलं पोर ते, पण पठ्ठ्या असा चिकटला की सुट्टीवर जायलाही कां-कूं करायला लागला. पुढं पुढं तर मोठमोठे साहेब हातातला घास ताटात ठेवून त्याचं ऐकत बसायचे. पण हे गावात सांगायचं कसं? फौजेत जाऊन वाजंत्री झाला, असं म्हणून लोक हसतील याची दादाला धास्ती. आणि दादाला खाली बघावं लागेल याची जोतीरामला.

हवालदार म्हणून पेन्शनीत निघाल्यावर त्यानं मिरजेत बिऱ्हाड केलं, मुलांना पियानो शिकवायला लागला. सांगलीत त्याचे एकट्याचे तीन कार्यक्रमही झाले. दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या जर्मन उस्तादांच्या रचना, एकटा माणूस, तासभर. जाणकारांनी माना डोलावल्या. दादा मात्र एकदाही फिरकला नाही. कधी मेंढरू आजारी, कधी एसटी चुकली. बासष्टावं लागलं तसं जोतीरामनं मनाशी पक्कं केलं, दादा येत नाही ना, मग पियानोच त्याच्या दारात न्यायचा. एकदा, फक्त एकदाच दादानं शेवटपर्यंत बसून ऐकलं पाहिजे. मग काय म्हणायचं ते म्हणू दे. बायकोनं, सुलाबाईनं विचारलं, आणि दादा मधेच उठून गेलं तर? त्या रात्री जोतीराम धड जेवला नाही.

पियानो न्यायला टेम्पो मिळाला तो नेमका मेंढरं वाहायचा. दोनदा धुतला तरी वास काही हटेना. आटपाडीच्या शाळेत तो पियानो उतरवायला आठ गडी लागले आणि 'येळकोट येळकोट' म्हटल्याशिवाय तो जागचा हलला नाही. मग बायका हळदकुंकू घेऊन आल्या. इथवर ठीक होतं हो, पण एका उत्साही माणसानं झाकण उघडून आतल्या तारांवर नारळाचं पाणी शिंपडायचा घाट घातला, तेव्हा जोतीराम आडवा धावला. हातापाया पडून त्यानं नारळ बाहेरच्या पायरीवर फोडायला लावला. प्रवासात उतरलेले सूर जुळवता जुळवता शनिवार संपला.

रविवारी सकाळी दहाला शाळेचं सभागृह गच्च भरलं. दादा पहिल्या रांगेत होता खरा, पण खुर्ची धरली होती दाराजवळची. जोतीरामनं ते बरोबर हेरलं. त्यात पियानो भिंतीला लावलेला, म्हणजे वाजवताना लोकांकडं पाठ. दादा आहे की गेला हेसुद्धा कळायची सोय नाही.

आता या रचनांची एक गंमत असते. एकेकीत तीन-चार भाग, आणि मधे नुसता दम घ्यायचा. तिथंच लोकांनी टाळ्या पिटल्या की सगळा रंग जातो. म्हणून जोतीरामनं मुख्याध्यापक ऋषिराजसरांना विनंती केली होती, की मी सगळं संपवून उभा राहिलो की मगच टाळ्या, तेवढं लोकांना सांगा. सर पडले शिस्तीचे. त्यांनी माईक घेतला आणि सातवीच्या वर्गाला द्यावा तसा दम दिला. हवालदारसाहेब उठून उभे राहीपर्यंत टाळी नाही, शिट्टी नाही, बोलणं नाही, आणि खोकायचं असेल त्यानं आत्ताच खोकून घ्यावं. लगेच सगळं सभागृह एकदम खोकलं.

मग जोतीराम वाजवायला बसला. काय सांगावं, असं त्यानं सांगलीतही वाजवलं नव्हतं. सव्वा तास त्यानं जीव ओतला. शेवटचा सूर विरला, हात मांडीवर आले, आणि आता उठायचं म्हणून त्यानं जोर केला तर उजवा गुडघा धरलेला. शाळेची ठेंगणी खुर्ची, दुसरं काय होणार! पुन्हा जोर केला. गुडघा हूं की चूं करेना.

आणि मागं चिडीचूप. टाळी नाही, खुर्चीची करकर नाही. जोतीरामला वाटलं, लोक गेले. सगळे गेले, आणि सगळ्यांच्या आधी दादा गेला. सरांनी घातलेली अट त्याच्या डोक्यातून पार निघून गेली होती. मान वळवून बघावं म्हटलं तर तेवढा धीर होईना. साठी उलटलेला फौजी माणूस, पण डोळे भरून आले हो त्याचे.

तेवढ्यात खांद्याला हात लागला. डोक्यावरचा पदर सावरत, चारशे माणसांदेखत सुलाबाई स्टेजवर चढली होती. रोज सकाळी अंथरुणातून उठवायची तसा तिनं त्याच्या काखेत हात घातला आणि हळू आवाजात म्हणाली, "आवं, उठा की. लोकं कवाधरनं खोळंबल्यात."

तिच्या आधारानं तो उभा राहिला, वळला, आणि छप्पर उडतंय की काय असा कडकडाट झाला. एक माणूस हलला नव्हता. पहिल्या रांगेत दादा मांडी ठोकून बसलेला आणि दोन्ही हातांनी टाळ्या बडवतोय. जोतीरामला हसावं की रडावं कळेना. पण गुडघ्यातून अशी कळ आली की तो मटकन परत खुर्चीत बसला. त्याबरोबर टाळ्याही खटकन बंद.

मागचे चार-दोन लोक घरी जायला उठले. तसा दादा उभा राहिला आणि त्यांच्यावर खेकसला, "खाली बसा रं. बसलाय म्हंजी आजून वाजवनार हाय त्यो." मग भावाकडं वळून, आवाज जरा उतरवून म्हणाला, "वाजीव, जोत्या."

तयारीतलं तर सगळं संपलं होतं. जोतीरामनं डोळे पुसले आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा वाजवलं. सव्वा तास. दादा जागचा हलला नाही.