नळी गळत नव्हती

मी बोरी अरबचा, माझा विद्यार्थी पुसदचा. त्याच्या वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं, म्हणून आमच्या प्रयोगशाळेतलं तांब्याच्या तारेचं वेटोळं तोच गुंडाळायचा. त्या वेटोळ्यात नमुन्याची काचेची बंद नळी बसवायची आणि सगळं मोठ्या चुंबकात उतरवायचं.

नळीत धातूची भुकटी, भुकटीत मुरलेला हायड्रोजन. धातूच्या अणूंमधल्या फटींतून तो उड्या मारत फिरतो. तापवलं की उड्या वाढतात आणि वेटोळ्यातून पडद्यावर येणारा त्याचा रुंद संकेत अरुंद होतो. कोणत्या तापमानाला होतो, यावरून हायड्रोजन किती सहज फिरतो ते कळतं. म्हणजे सगळी भिस्त तापमानावर.

माझे आकडे छापून आले होते. त्याचा संकेत मात्र बऱ्याच कमी तापमानाला अरुंद व्हायचा.

"सर, तापमान मोजायची माही तार नळीला लागून हाय. तुमची आत कुठं हाय, एकदा उघडून पाहू ना."

"माझी मी बांधलीय. तू तुझी नळी पाह्य. गळून राह्यली ती, हवा शिरली."

"मोटरवाल्याचा हात हाय सर, असा नाही गळत."

"मग मोटरीच बांध."

हे मी चौघांसमोर बोललो. चौघंही हसले. त्यानं तीनदा नवी नळी भरली, आकडे तेच आले. मी सही केली नाही. प्रबंध अडकला आणि तो पुसदला वडिलांच्या दुकानात परतला.

काही महिन्यांनी दुरुस्तीसाठी मी नमुना तापवायचं ते यंत्र उघडलं. माझ्या तारेचं टोक नमुन्यापाशी नव्हतं, गरम वायू आत येतो त्या तोंडाशी होतं. म्हणून माझं तापमान खऱ्याहून जास्त दिसायचं. गाठ माझीच. मी ती सोडली, तार जागेवर बांधली आणि गप्प राहिलो. पुढे निवृत्तही झालो.

यंदा अखेर माझे आकडे छापणाऱ्या नियतकालिकासाठी दुरुस्तीचं पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी त्याच्या दुकानात गेलो. त्याची दाढी पांढरी झालेली. मला पाहून हातातली तार खाली ठेवली.

"काहून सर, मोटर जळली का?"

मी पत्र दिलं. चष्मा लावून त्यानं ते दोनदा वाचलं.

"किती दूर होती तार?"

मी दोन बोटं धरून दाखवली.

"एवढीच?" तो त्या बोटांकडे पाहत राहिला. "मले वाटे, आपलाच हात कच्चा. अजून मोटर बांधली का तीनदा तपासतो. घरचे हसतात." मग म्हणाला, "म्हंजे नळी गळत नव्हती."

"नव्हती."

"ते यात कुठं हाय?"

कुठंच नव्हतं. तापमान चुकलं, एवढंच मी लिहिलं होतं. त्यानं टेबलावरचे तारेचे तुकडे बाजूला सारले आणि खिशातला पेन काढून पुढे ठेवला. मी तिथंच खाली लिहिलं: माझ्या विद्यार्थ्याच्या नळ्या नीट बंद होत्या, त्याचे आकडे बरोबर होते, आणि हे मला तो गेल्यावर काही महिन्यांतच कळलं होतं.

शेवटची ओळ त्यानं मागितली नव्हती. ती वाचून त्यानं पत्राची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि खाली ठेवलेली तार पुन्हा उचलली.