कलारनेटमामांचे दात

गंगाखेडात जन्म काढून दाताने एकदाही ऊस न सोललेला माणूस मी एकच पाहिला. आम्ही सगळे कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरमागे पळून ऊस ओढायचो आणि तिथेच रस्त्यात उभे राहून दातांनी सोलायचो. कलारनेटमामा मात्र खिशातून छोटी सुरी काढत, उसाचे नाजूक तुकडे करत आणि एकेक तुकडा दाढेखाली सरकवत. पेरूचंही तेच. मक्याचं कणीस तर ते बोटांनी दाणे काढून खात, शेंगदाणे खाल्ल्यासारखं. पंगतीत नळीचं हाड आलं की गुपचूप माझ्या ताटात यायचं. वर म्हणायचे, "भाच्या, तुझे दात खायचे हायेत. माझे वाजवायचे हायेत."

मी त्यांचा खरा भाचा नव्हे. गावच्या ऑर्केस्ट्रात ते क्लॅरिनेट वाजवत आणि मी निवेदक होतो. भाड्याचा सूट, स्वतःचा टाय आणि इकडून-तिकडून गोळा केलेली शेरोशायरी एवढ्या भांडवलावर मी स्टेजवर जायचो. मामांनी मला पहिल्याच आठवड्यात ताळ्यावर आणलं. "वाक्याच्या मधी श्वास घेऊ नको. लोकांना वाटतंय, ह्यो भ्यायलाय. वाक्य संपव, मग घे. शेर वाईट असला तरी खपतंय." खपायलाही लागले हो!

एके काळी आमच्याकडे फुंकून वाजवणारे तिघे होते. ट्रंपेटवाल्याने सोयाबीनचा व्यापार धरला. सॅक्सोफोनवाला लेकीकडे नांदेडला गेला तो तिकडचाच झाला. दोघांच्याही जागी मालकाने माणूस घेतला नाही, कीबोर्ड घेतला. त्यात ट्रंपेटचं बटन होतं, सॅक्सोफोनचं होतं आणि क्लॅरिनेटचंही होतं. मालक येता-जाता त्या बटनाकडे प्रेमाने बघत. मामा म्हणत, "बटनाला दम लागत न्हाई, तेच त्याचं वाईट हाय. गाणाऱ्यालाबी दम घेऊ देत न्हाई ते."

फुंकणाऱ्या माणसाचा जीव तोंडात असतो, हे मला राणीसावरगावच्या जत्रेत कळलं. फर्माइशीवरून दोन टोळक्यांत जुंपली आणि खुर्च्या स्टेजवर यायला लागल्या. आम्ही सगळ्यांनी दोन्ही हातांनी डोकी झाकली. मामांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. साहजिकच खुर्ची डोक्यात बसली. जीपमध्ये डोक्याला टॉवेल दाबून बसले होते, रक्त थांबत नव्हतं आणि स्वारी खुशीत.

"मामा, डोकं फुटलंय तुमचं!"

"फुटू दे. डोकं गाण्यात लागत न्हाई." मग समोर बसलेल्या आमच्या गायकाकडे बघून म्हणाले, "ह्यालाच इचार."

असे जपून ठेवलेल्या त्या दातांतला पुढचा एक एके दिवशी आपणहून हलला. कुणी बुक्की मारली नाही, काही नाही, वय झालं एवढंच. क्लॅरिनेटच्या माउथपीसवर वरचे पुढचे दात टेकतात आणि त्यांच्याच आधाराने सूर उभा राहतो. दात हलला की सूर हलतो. परभणीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, पुढचे चारही काढावे लागतील. मामा दवाखान्याच्या पायरीवर बसले. मी पाणी आणून दिलं, ते त्यांनी हातातच धरून ठेवलं. "लग्नाच्या बँडपासून वाजवायलोय रे," एवढंच म्हणाले. त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही करायचंही नव्हतं.

मालकाने अट सरळ सांगितली. "मामा, दात काढा, बसवा, काय करायचं ते करा. सेलूच्या गणपतीत नीट वाजलं तर तुमी. न्हाईतर बटन."

दात निघाले. हिरड्या भरून येईपर्यंत कवळी बसणार नव्हती. मग मामांनी वरचा आणि खालचा असे दोन्ही ओठ आत दुमडून, त्यांच्यात माउथपीस धरून फुंकायला सुरुवात केली. पहिले काही दिवस बोकड ओरडल्यासारखा आवाज निघायचा. मामींनी एक दिवस ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "तुमच्या पायी म्हशीनं दूध चोरलंय. नदीवर जावा." मामा रोज सकाळी गोदावरीच्या काठी जाऊ लागले. धुणं धुणाऱ्या बायका सुरुवातीला पदर तोंडाला लावून हसायच्या. पुढे त्यांचं हसणं थांबलं, पण तिकडे माझं लक्ष नव्हतं. माझं सगळं लक्ष कवळीवर होतं.

कवळी घ्यायला मामा क्लॅरिनेट घेऊनच गेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मामा, आधी चावून बघा."

"चावायचं मी माझं बघून घेतो बाई. हे वाजलं पायजे."

त्या जरा घासायच्या, मामा खुर्चीतच आडवे पडून एक ओळ वाजवायचे, मान हलवायचे. परत घासणं, परत ओळ. एवढ्यात बाहेर बसलेली, गाल टम्म सुजलेली एक बाई दारातून डोकावली. आम्हाला वाटलं, भांडायला आली. ती गालाला हात लावून म्हणाली, "डॉक्टरीणबाई, जरा हात थांबवा हो. त्यांचं गाणं तर पुरं होऊ द्या."

आणि मग सेलू. मांडव गच्च भरलेला, मोंढ्यातले व्यापारी पुढच्या खुर्च्यांत, मालक विंगेत हाताची घडी घालून. कीबोर्डवाल्याला बोट बटनावर ठेवून बसायची ताकीद होती. मामा पुढे आले, जुन्या गाण्याची धून सुरू झाली. पहिलं कडवं झकास गेलं. दुसऱ्यात वरचा लांब सूर लागला, आणि मध्येच त्यातून शिट्टी निघाली. कवळी सरकली होती.

मामा थांबले. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "मामा, दम लागला का?" हशा पिकला. काहीतरी विनोद करून वेळ मारून न्यावी म्हणून मी माइक तोंडाशी नेला, तर मामांनी हातानेच मला थांबवलं. लोकांकडे पाठ केली, तोंडाशी हात नेला आणि माझ्या हातात काहीतरी ओलं, गरम ठेवलं.

"पाडू नको," ते पुटपुटले.

माझ्या एका हातात माइक आणि दुसऱ्यात मामांचे चार दात. इतकं जड मी आजवर काही धरलेलं नाही.

मामांनी दोन्ही ओठ दुमडले आणि जिथे सोडलं होतं तिथूनच सूर उचलला. आवाजाची जुनी धार गेली होती. तिच्या जागी मऊ, आतून आलेलं असं काही होतं; कुणी शेजारी बसून हळू आवाजात आपल्याशीच बोलावं तसं. मांडव गप्प झाला. कीबोर्डवाल्याने बटनावरचं बोट उचललं आणि हात मांडीवर ठेवले. नदीकाठच्या बायका हसायच्या का थांबल्या, ते मला सेलूच्या स्टेजवर उमगलं. धून संपली तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते, एकटा मी सोडून. माझे हात गुंतले होते.

मालक धावत आले. "मामा, दात कुठायत?"

"निवेदकाकडं."

मालकाने माझ्या मुठीकडे बघितलं, मग कीबोर्डवाल्याला म्हणाले, "त्या बटनावर चिकटपट्टी लाव रे."

पुढे संसारामागे मी परभणीला आलो आणि ऑर्केस्ट्रा सुटला. गेल्या वर्षी गंगाखेडच्या स्टँडवर मामा अचानक भेटले. काखेत क्लॅरिनेटची पेटी, गाल आत गेलेले, तोंडात एकही दात नाही. कवळी आता फक्त मामींच्या आग्रहाखातर, जेवणापुरती. राणीसावरगावच्या बँडवाल्या पोरांना दोन्ही ओठ दुमडून वाजवायला शिकवायला निघाले होते. "पहिल्यापासून असंच शिकवायलोय. म्हंजे पुढं अडत न्हाई."

गाडी लागली. पेटी वर देताना मी विचारलं, "मामा, अजून किती वर्षं वाजवणार?"

ते पायरीवर थांबले. मागचे लोक ढकलायला लागले, कंडक्टर ओरडायला लागला, तरी मामांनी आपलं वाक्य सावकाश पुरं केलं.

"आता पडायचं काय राह्यलंच न्हाई भाच्या. आता कशाला थांबू?"