इंदूच्या आबांना न धाडलेला कागद

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलांजवळ नाही, ज्यांच्याबरोबर वर्षानुवर्षं संध्याकाळचा चहा प्यायलो त्या मित्रांजवळ तर नाहीच. आज तुम्ही समोर बसला आहात असं धरून सांगतो. मधेच मी भलतीकडे जाईन — संगणकाचं सांगेन, भरिताचं सांगेन — तर समजा, मुद्द्यावर यायची माझी हिंमत होत नाहीये.

जळगावच्या एका कॉलेजात मी विद्यार्थी कल्याण विभागात होतो. विभाग म्हणजे काय? जिन्याखालची खोली, दोन टेबलं, एक टाइपरायटर आणि मी. वसतिगृहाचे अर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म, एसटीच्या पासाचे शिक्के, कुणाला ताप आला तर दवाखाना — सगळं माझ्याकडे. दारावर 'विद्यार्थी कल्याण अधिकारी' अशी पाटी होती. ती मी स्वतःच रंगवून घेतली होती, हेही सांगून टाकतो.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. आमचे प्राचार्य दिल्लीला एका परिषदेला गेले आणि येताना चार पत्ते घेऊन आले. कॅनडा, केनिया, फिलिपिन्स, आयर्लंड. त्या चारही ठिकाणी कॉलेजात माझ्यासारखाच एकेक माणूस, आपापल्या जिन्याखाली बसलेला. ठरलं असं, की दरवर्षी प्रत्येक कॉलेजातल्या बारा विद्यार्थ्यांनी आपल्या भाषेत, आपल्या हाताने एका प्रश्नाचं उत्तर लिहायचं — दहा वर्षांनी तुम्ही कुठे असाल, आणि तिथे पोचायला कॉलेजने तुमच्यासाठी काय करायला हवं? आम्ही कल्याणवाल्यांनी त्याचं इंग्रजी करायचं, मूळ कागदाला किंवा त्याच्या झेरॉक्सला टाचायचं आणि बाकीच्यांना धाडायचं. एकमेकांचं पाहून एकमेकांनी शिकायचं. उद्यासाठी विद्यार्थी तयार करायचे.

काय दिवस होते हो ते! पोस्टमन निळं एरोग्राम, म्हणजे घडीचं हवाई पत्र, टेबलावर ठेवायचा आणि 'साहेब, परदेश!' म्हणून दारातच उभा राहायचा, तिकीट कुठलं ते बघायला. केनियातला माणूस लिहायचा, आमची पोरं सकाळी बादल्या घेऊन नळावर रांगेत असतात — मी वाचून एकटाच हसायचो, कारण खिडकीतून मला आमची रांग दिसत असायची. कॅनडाच्या हेलनबाई गव्हाच्या मुलखातल्या. त्यांची पोरं कापणीला घरी जात आणि त्यातली काही परत येतच नसत. मी त्यांना केळीच्या कापणीत आमचे वर्ग कसे ओस पडतात ते लिहिलं. त्या मला पहिल्या नावाने लिहायच्या, मी मात्र 'रिस्पेक्टेड मॅडम'वरून शेवटपर्यंत हललो नाही. जग इतकं जवळ आहे असं मला पुन्हा कधी वाटलं नाही. त्याच सुमारास कॉलेजात पहिला संगणक आला. काचेची खोली, गार हवा, चपला बाहेर. आम्ही त्याला हार घातला होता...

बघा, गेलोच की नाही भलतीकडे?

इंदू. नरडाण्याकडच्या एका खेड्यातली मुलगी. पॅसेंजरने जळगावला यायची, मुलींच्या वसतिगृहात राहायची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. अक्षर असं, की फळ्यावर तिने सुविचार लिहिला तर पुसायला जीव व्हायचा नाही. एक दिवस — जानेवारी असेल — ती माझ्या खोलीत आली आणि सरळ म्हणाली, "सर, मना आबाले एक कागद धाडा ना."

परीक्षा झाली की तिचं लग्न होतं. तिला तिसरं वर्ष करायचं होतं, शिक्षिका व्हायचं होतं. वडील वाईट नव्हते. घरात बायकापोरींचं ऐकायची पद्धत नव्हती, इतकंच. पण तहसीलचा असो, सोसायटीचा असो, शिक्का मारलेला कागद आला की तो माणूस पत्र्याच्या पेटीत जपून ठेवायचा आणि त्यात लिहिलंय तसं करायचा. "आबा मन्हं नही ऐकत, पन कागदनं ऐकस," ती म्हणाली. पोरगी हुशार आहे, तिला पदवी पुरी करू द्या — एवढंच कॉलेजने लिहायचं होतं.

मी म्हणालो, हे कॉलेजचं काम नाही.

आठवड्याने ती परत आली. मी फाइल शोधत होतो. मान वर न करता म्हणालो, घरच्या गोष्टी घरी मिटवाव्यात. ती गेली.

का नाही म्हणालो? मला वाटायचं, अशा पत्रावर प्राचार्यांची सही लागेल, ती घ्यायला वर जावं लागेल, आणि स्नेहसंमेलनाच्या गडबडीत मला ते नको होतं. आणि खरं सांगू? पहिल्या दिवशी माझ्यासमोर पुण्याहून आलेले एक प्राध्यापक बसले होते. ही पोरगी मोठ्याने अहिराणीत बोलत होती आणि मला तिचा शब्द न् शब्द कळत होता. मी पारोळ्याचा. घरात आईशी हीच बोली बोलायचो. त्या प्राध्यापकांसमोर मला ती कळते हे दिसू नये असं वाटलं. यावर काय बोलायचं? एका मुलीचं शिक्षण, आणि मला लाज कशाची वाटली तर माझ्या आईच्या बोलीची.

फेब्रुवारीत बारा पत्रं जमवायची वेळ आली. तीसेक मुलांनी लिहिली होती, इंदूनेही. तिचं पत्र सहज बाजूला ठेवता आलं असतं. पण अक्षर! परदेशी लोकांना दाखवायला असं अक्षर दुसऱ्या कुणाचं नव्हतं. म्हणून मी ते निवडलं, आणि मग इंग्रजी करायला बसलो. तिने लिहिलं होतं:

"दहा वर्षांनी मी कुठं असेल हे माझ्या हातात नाही. मला शिक्षिका व्हायचं आहे. कॉलेजनं माझ्यासाठी एकच करावं. माझ्या आबांना एक कागद धाडावा. मी ऑफिसात दोनदा विचारलं. सर म्हणाले, आमचं काम नाही."

हे चार देशांत जाणार होतं. खाली भाषांतरकार म्हणून माझं नाव. मग मी काय लिहिलं? लिहिलं — माझं कॉलेज माझ्या वडिलांना माझ्या प्रगतीची पत्रं पाठवतं, त्यामुळे वडील मला पदवी पुरी करू देणार आहेत, दहा वर्षांनी मी शिक्षिका असेन. लिहिताना हात थांबला नाही. उलट, वाक्य इंग्रजीत झकास उतरलं म्हणून ते मी दोनदा वाचलं.

एप्रिलमध्ये हेलनबाईंचं उत्तर आलं. इंदूचं मूळ पत्र त्यांनी त्यांच्या कॉलेजच्या व्हरांड्यात काचेच्या फळ्यावर लावलं होतं, कारण लिपी फार सुंदर. म्हणजे माझ्याविरुद्धची तक्रार तिकडे भिंतीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर, आणि वाचता कुणालाच येत नाही! मराठी माणूस कुठेही निघतो म्हणतात. पुढे कित्येक वर्षं कॅनडाचं पाकीट मी खोलीचं दार लावून फोडायचो. पण त्या व्हरांड्यातून कुणी मराठी माणूस गेला नाही.

बाईंनी पुढे लिहिलं होतं, की पालकांना पत्र लिहायचं आम्हाला कधी सुचलंच नाही, यंदाच्या कापणीआधी आम्ही सुरू करतोय. आणि इंदूसाठी वेगळं कार्ड होतं — तुझ्या वडिलांना आमचा आदर कळव.

मी इंदूला बोलावलं. सांगितलं, तुझं अक्षर त्यांना फार आवडलं. ती खूश झाली, मग तिने विचारलं, "आन् कागदनं काय म्हनतीस त्या?" मी म्हणालो, त्याबद्दल काही नाही. कार्ड फाइलला लावायचं आहे असं सांगून ठेवून घेतलं. पाकिटावरचं तिकीट तेवढं फाडून तिला दिलं. तिने ते वहीत घातलं आणि थँक्यू सर म्हणाली.

तेव्हाही वेळ गेली नव्हती, हे लक्षात घ्या. परीक्षा चालू होती, लग्न मे महिन्यात होतं. मी पत्र लिहिलं नाही. जूनमध्ये वसतिगृहाची यादी टाइप केली, तिच्यात इंदू नव्हती.

पुढच्या वर्षी हेलनबाईंनी कळवलं, की कापणीनंतर बरीच मुलं परत आली, पत्रांचा उपयोग झाला. मग केनियाने सुरू केलं, मग फिलिपिन्सने. आपसात ते त्याला 'जळगावची रीत' म्हणू लागले. प्राचार्यांना भरून आलं. मला शाल आणि नारळ मिळाला. धुळ्याला आजूबाजूच्या कॉलेजांचा मेळावा झाला, तिथे 'पालकांना पत्र' या विषयावर मी चांगला पाऊण तास बोललो. शेवटी एका बाईंनी विचारलं, सर, तुम्ही पहिलं पत्र कुणाला लिहिलंत?

मी म्हणालो, नरडाण्याकडच्या एका शेतकऱ्याला.

टाळ्या पडल्या. संध्याकाळी एका मळ्यात भरिताची पार्टी होती. काड्यांवर भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, थंडी. मी पोटभर जेवलो. घास अडकला वगैरे म्हणेन असं वाटलं तुम्हाला? नाही अडकला. त्या भरिताची चव अजून जिभेवर आहे, आणि मला माझा सगळ्यात जास्त राग त्याचाच येतो.

आता इतकं बोलून झाल्यावर पत्रं सुरू करणं भाग होतं. धुळ्याहून आल्यावर मजकूर सायक्लोस्टाइल केला. वर मुलीचं आणि वडिलांचं नाव ज्या-त्या मुलीने हाताने लिहायचं, पत्ताही तिनेच; खाली कॉलेजचा शिक्का. दरवर्षी प्रत्येक मुलीच्या घरी एक. जळगावची रीत सगळ्या जगात फिरून सगळ्यात शेवटी जळगावला आली. मी शेकड्यांनी पत्रं धाडली. त्या गठ्ठ्यात दरवर्षी नरडाण्याचीही दोन-चार असायची. त्यांवर शिक्का मारताना मी वरची नावं बघायचो नाही.

मग काही वर्षांनी, जूनच्या एका दुपारी, दारात इंदू उभी. अंगाने भरलेली, डोक्यावर पदर, हाताशी एक मुलगी. मी लगेच ओळखलं. मुलगी तिची धाकटी बहीण होती, रेखा. आमच्याच कॉलेजात होती, दुसरं वर्ष नुकतंच पास झालेली, आणि मला पत्ता नव्हता. मी वरची नावं बघत नव्हतो ना.

इंदू बसली नाही. उभ्याउभ्याच, अगदी आनंदाने बोलत होती. "सर, हिनीबी सोयरीक व्हयेल व्हती. तुमना कागद उना, आन् आबानी थांबाडी. कॉलेज सोता सांगस, मंग पोरले शिकू दे, म्हने. पेटीमा ठेयेल शे तुमना कागद." मग हसली आणि म्हणाली, "मी सांगेल व्हतं ना तुमले, आबा कागदनं ऐकस."

माझं पत्र आलं आणि आबांनी रेखाचं ठरलेलं लग्न थांबवलं! इंदूच्या बोलण्यात टोचणी शोधायचा मी किती प्रयत्न केला! मिळाली असती तर बरं झालं असतं. पण तिला खरोखरच आनंद झाला होता — बहिणीचा, आणि आपलं म्हणणं खरं ठरल्याचा. काचेच्या फळ्याचं, कार्डाचं, धुळ्याच्या भाषणाचं मी तेव्हाही तिला काहीच सांगितलं नाही. म्हणालो, "व्हय, तू सांगेल व्हतं." त्या खोलीत मी पहिल्यांदा अहिराणी बोललो ते हे एवढंच.

रेखाचं तिसरं वर्ष निर्धास्त व्हावं म्हणून आबांना अजून एक कागद हवा होता. मी इंदूला खुर्ची दिली, तिच्यापुढे चहा ठेवला, आणि कॉलेजचं छापील नाव असलेला कोरा कागद घेतला. या खेपेला हाताने लिहिलं. सात ओळी. खाली माझी सही आणि शिक्का. प्राचार्यांकडे वर जायची गरजच नव्हती — ती कधीच नव्हती.

कागद घडी करून मी मान वर केली, तेव्हा इंदूच्या कपात अर्धा चहा शिल्लक होता आणि त्यातून अजून वाफ येत होती.