मध्यरेषेवरचं बोट
मैदानावर फक्की मारताना चुन्याचा वास आला, की मला दुष्काळातली ती कबड्डी आठवते. गेवराईजवळच्या सहकारी साखर कारखान्याच्या पटांगणावर अंतिम सामना होता. मी नववीत होते. "जिंकलीस तर शिकायला हॉस्टेलला जा, न्हाईतर ऊसतोडीला जायच्या आधी तुझं लगीन," असं वडील सकाळीच म्हणाले होते. आम्ही एका गुणाने मागे होतो आणि शेवटची चढाई माझी होती. दोघींनी मला पाडलं. दगडासारख्या जमिनीवर घासत मी मध्यरेषेला बोट लावलं, तेवढ्यात शिट्टी वाजली. आधी बोट लागलं की मी बाद झाल्याची शिट्टी झाली, हे मलाच कळेना. भीतीने मला वडिलांकडे बघवेना. अखेर पंचांनी आमच्या बाजूला हात केला; त्या दोघी बाद, दोन गुण, आम्ही जिंकलो. वडील जवळ येऊन म्हणाले, "हॉस्टेलचा कागद कुठं हाय? अंगठा देतो." आज मी मुलींना कबड्डी शिकवते, पण शेवटच्या चढाईला डोळे मिटून घेते.